२५ मीटरचं मॅच पिस्तूल घेताय? कोकणात राहून ते कसं पारखायचं

एअर पिस्तूलवर वर्ष-दोन वर्षं घासून झाली, स्कोअर बऱ्यापैकी बसायला लागला, कोच म्हणाले आता पॉइंट टू टूकडे (.२२ बोअरच्या, बारुदी काडतुसाच्या पिस्तुलाकडे) वळ, आणि तेव्हापासून रात्री झोपायच्या आधी मोबाईलवर पार्डिनी की वॉल्थर हेच चालू आहे, अशा चिपळूण-रत्नागिरी-कुडाळ-सावंतवाडीकडच्या नव्या मंडळींसाठी हे लिहितोय. महागडं आहे म्हणजे चांगलंच असणार असं धरून चालू नका. पार्डिनी, वॉल्थर, फाइनवेर्कबाउ, मोरिनी, हेमर्ली, यातलं कुठलंही नाव घ्या, धड अवस्थेतलं पिस्तूल टेकणीवरून १० च्या रिंगच्या आतच गोळ्या टाकतं, तिथे फरक शोधत बसू नका. ते तुमच्या हातात, तुम्हाला मिळणाऱ्या गोळ्यांवर आणि आपल्या खाऱ्या हवेत कसं वागतं, ते बघायचंय.

त्यासाठी क्रम एकच ठेवायचा. जे नंतर बदलता येत नाही ते आधी बघायचं, जे बदलता येतं त्याला शेवटी वेळ द्यायचा. लोक नेमकं उलटं करतात, अक्रोडाच्या लाकडाची ग्रिप आणि चकचकीत निळी बॅरल बघून भुलतात आणि चेंबरमध्ये, म्हणजे काडतूस बसतं त्या जागेत, डोकावतच नाहीत.

कुठल्या पिस्तुलाबद्दल बोलतोय

यूट्यूबवर फुल साइज पिस्तुलांचे जे रिव्ह्यू असतात ते बहुतेक ९ एमएमचे, आणि ९ एमएम आपल्याकडे प्रोहिबिटेड बोअरमध्ये येतं, साध्या परवान्यावर मिळत नाही, त्यामुळे ते करमणूक म्हणून बघा आणि सोडून द्या. आपण बोलतोय ते .२२ एलआरचं (लाँग रायफल, हे काडतुसाचं नाव) मॅच पिस्तूल, सेमी ऑटोमॅटिक, म्हणजे दर गोळीला चाप नव्याने दाबायचा पण पुढचं काडतूस आपोआप चेंबरमध्ये चढतं. महिलांची २५ मीटर पिस्तूल, पुरुषांची रॅपिड फायर, शिवाय स्टँडर्ड पिस्तूल, सगळं याच्यावर. सेंटर फायर मॅचला बहुतेक जण .३२ एस अँड डब्ल्यू लाँग वॉडकटर (सपाट तोंडाची गोळी) वापरतात, काही मॉडेलचं त्यासाठी वेगळं भावंड मिळतं, पण पहिल्या खरेदीत त्या फंदात पडू नका.

आयएसएसएफची (नेमबाजीच्या आंतरराष्ट्रीय महासंघाची) मापं पाठ करून ठेवा, कारण पिस्तूल कितीही आवडलं आणि इक्विपमेंट कंट्रोलला (मॅचच्या शस्त्रतपासणीला) अडकलं तर काय उपयोग. वजन जास्तीत जास्त १४०० ग्रॅम, बॅरल १५३ मिमीपर्यंत, पुढच्या आणि मागच्या साइटमधलं (नेम धरायच्या खुणांमधलं) अंतर २२० मिमीपर्यंत, चापाचं वजन कमीत कमी १००० ग्रॅम, आणि अख्खं पिस्तूल ३०० बाय १५० बाय ५० मिमीच्या डब्यात बसलं पाहिजे. साइट उघडी, तिच्यावर भिंग चालत नाही. बॅरलला छिद्रं पाडलेली जुनी रॅपिड फायर पिस्तुलं अजून कधीमधी विकायला निघतात, स्वस्त वाटतात, पण ती छिद्रं आता चालत नाहीत, तेव्हा घेऊ नका.

गावात पिस्तूल घेतोय म्हटलं की एखादे आजोबा विचारणारच, "ह्या पिस्तुलान डुकर मरतलो काय रे?" नाही मरणार आजोबा. पण हा प्रश्न वाटतो तेवढा बाजूला ठेवण्यासारखा नाही, कारण कोकणात बंदुकीचा परवाना म्हटलं की लोकांना शेती संरक्षणाचा परवानाच आठवतो, ठासणीची नाहीतर बारा बोअर, रानडुकरं आणि माकडांसाठी. खेळाचा परवाना वेगळ्या कारणासाठी मागायचा असतो, अर्जात कारण नीट लिहा, नाहीतर पुढे राउंडच्या (काडतुसांच्या) कोट्यापासून सगळीकडे घोळ होतो.

पिस्तूल बघायच्या आधी कागद

हा कंटाळवाणा भाग, पटकन उरकतो. .१७७ च्या एअर पिस्तूलला परवाना लागत नाही, पॉइंट टू टूला लागतोच. १९५९ चा शस्त्र कायदा आणि २०१६ चे शस्त्र नियम, यांच्याखाली जिल्ह्यात अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयात जातो, पोलिसांचा अहवाल येतो, मग निर्णय. २०१९ च्या दुरुस्तीनंतर सर्वसाधारण माणसाच्या नावावर तीनऐवजी दोनच शस्त्रं राहू शकतात आणि परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षं झाली. खेळाडूंना पात्रतेप्रमाणे यात वेगळी सूट आहे, पण ती आपोआप मिळत नाही, रायफल असोसिएशनचं सदस्यत्व, स्पर्धेचे स्कोअर, सर्टिफिकेट असं सगळं दाखवावं लागतं. घरातली आजोबांची बंदूक वारसाने तुमच्या नावावर आली असेल तर ती या दोनात मोजली जाते, हे विसरू नका. स्वतःच्या नावावर परवान्यासाठी वयाची २१ वर्षं पूर्ण लागतात, त्याहून लहान मुलं क्लबमध्ये देखरेखीखाली क्लबच्या शस्त्रावर सराव करतात, म्हणून १७ वर्षांच्या मुलासाठी बाबांनी लगेच कॅटलॉग उघडायची गरज नाही.

सेकंडहँड घेत असाल, आणि आपल्याकडे बहुतेकजण तेच घेतात, तर विकणाऱ्याला विक्रीच्या ४५ दिवस आधी प्रशासनाला किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवावं लागतं. फ्रेमवरचा नंबर आणि त्याच्या परवान्यावरचा नंबर स्वतः वाचून जुळवा, फोटोवर विसंबू नका. कस्टम ड्यूटीच्या माफीत आणलेलं शस्त्र असेल तर ते विकण्यावर अटी असतात, तेही कागद मागा, आणि विकणारा "ते होऊन जाईल हो" म्हणायला लागला तर चहा पिऊन घरी या. परवाना ऑल इंडिया करून घ्या, कारण मॅच आज वरळीला, उद्या पुण्यात बालेवाडीला, परवा दिल्लीच्या करणी सिंग रेंजवर.

(जाता जाता, ज्या नॅशनल रायफल असोसिएशनच्या नावाने आपण एवढे फॉर्म भरतो ती १९५१ साली सुरू करणारे गणेश वासुदेव मावळणकर, लोकसभेचे पहिले सभापती, त्यांचं घराणं मूळ रत्नागिरी जिल्ह्यातलं. मावळणकर स्पर्धा त्यांच्याच नावाची. तरी कोकणात २५ मीटरची रेंज शोधायला वणवण करावी लागते, असो.)

हातात घेताना

कुणाचंही पिस्तूल हातात घ्यायच्या आधी त्याला मॅगझीन काढायला लावा, बोल्ट (चेंबर मागून बंद करणारा सरकता भाग) मागे ओढून चेंबर डोळ्यांनी बघा, आणि हातात आल्यावर तुम्ही स्वतः परत बघा, तो कितीही सीनियर असला तरी. तोंड कायम टार्गेटकडे, बोट चापाच्या बाहेर, सेफ्टी फ्लॅग (चेंबर रिकामं आहे हे दाखवणारी रंगीत खूण) चेंबरमध्ये. हे एअर पिस्तूलवर शिकलेलंच आहे तुम्ही, पण नवीन वस्तू बघायच्या उत्साहात नेमकं हेच सुटतं, आणि पारखणी नेहमी रेंजवरच करा, कुणाच्या ओटीवर नाही.

आता खरी पहिली परीक्षा. पिस्तूल नेहमीसारखं धरा, डोळे मिटा, हात वर करा आणि नेहमीच्या उंचीवर थांबा, मग डोळे उघडा. पुढची साइट मागच्या खाचेत जवळपास मधे दिसायला हवी. वर-खाली थोडी असेल तर ठीक, पण दर वेळी ती खाली डुबलेली किंवा आकाशात गेलेली दिसत असेल तर त्या पिस्तुलाच्या ग्रिपचा कोन तुमच्या मनगटाला जमत नाहीये. काही मॉडेलमध्ये ग्रिपचा कोन थोडा बदलता येतो, काहींत अजिबात नाही. हे एकदा करून निकाल लावू नका, हात खाली, दोन श्वास, परत वर, असं करत राहा, थकल्यावरसुद्धा करा, कारण मॅचची शेवटची सिरीज थकलेल्या हातानेच मारायची असते. सवयीची कोयती हातात घेतली की पातं कुठे आहे हे बघावं लागत नाही, तसं व्हायला हवं.

दुसरं, तोल. काही पिस्तुलांत मॅगझीन चापाच्या पुढे असतं, जुन्या वॉल्थर जीएसपीपासून पार्डिनीपर्यंत, तर काहींत ग्रिपमधून वर जातं. मॅगझीन पुढे म्हणजे वजन पुढे, साइट शांत राहते, पण बारीक मनगटाच्या माणसाला ते मिनिटाभरात जड वाटतं. ग्रिपमधून मॅगझीन जाणाऱ्या पिस्तुलाची ग्रिप थोडी जाड होते, लहान हाताच्या मुलींना ते त्रासाचं. कुठलं चांगलं असं काही नाही. माझं मत विचाराल तर नवीन माणसाने थोडं पुढे वजन असलेलं घ्यावं, पण १४०० ग्रॅमच्या मर्यादेच्या बरंच खाली राहिलेलं, म्हणजे पुढे वजनाची पट्टी लावायला जागा राहते. उलट करता येत नाही, जड पिस्तुलाचं वजन कापून कमी करणार कसं.

बॅरल हाताच्या किती वर बसली आहे तेही बघा. जितकी खाली, मुठीला चिकटून, तितका गोळी सुटताना पिस्तुलाचा झटका सरळ मागे येतो आणि तोंड कमी उडतं. स्लो फायरमध्ये हे फारसं जाणवत नाही, पण रॅपिडमध्ये सगळा खेळ साइट परत जागेवर किती लवकर येते याचाच.

आत डोकावा

इथे वेळ घालवा. भरपूर घालवा. टॉर्च आणि शक्य असेल तर एक छोटं भिंग बरोबर ठेवा.

पॉइंट टू टू हे रिमफायर काडतूस. म्हणजे फायरिंग पिन मधोमध न बसता काडतुसाच्या कडेवर बसते, आणि चेंबर रिकामं असताना ती पिन काही पिस्तुलांत थेट चेंबरच्या ओठावर आदळते. कुणी वर्षानुवर्षं विचार न करता ड्राय फायर केलं (रिकाम्या पिस्तुलाचा चाप दाबला) असेल तर त्या ओठावर बारीक खड्डा पडतो आणि खड्ड्याची कड आतल्या बाजूला फुगते, मग काडतूस नीट आत बसत नाही, किंवा बसलं तर रिकामं खोकं बाहेर निघताना अडकतं. विकणारा म्हणणार "गोळ्यांचा प्रॉब्लेम आहे, ब्रँड बदला". चांगल्या मॅच पिस्तुलांत ड्राय फायरची वेगळी सोय असते, ती आहे का, चालते का, आणि मालकाला ती वापरता येते का, हे तीन प्रश्न विचारा. तिसऱ्या प्रश्नाच्या उत्तरावरून पिस्तूल कसं ठेवलंय ते बरोबर कळतं.

मग बॅरल. प्रकाशाकडे धरून मागून बघा. आतल्या रेषा स्वच्छ, चकचकीत असल्या पाहिजेत. काळसर थर असेल तर ते शिसं आणि बारूद, साफ होतं. पण बारीक खड्डे, गंजाचे, ते साफ होत नाहीत, आणि कोकणातलं पिस्तूल असेल तर ते खड्डे बहुतेक वेळा चेंबरच्या लगेच पुढे किंवा तोंडाशी सापडतात, कारण पावसाळ्यात पिस्तूल फोमच्या पेटीत बंद करून ठेवलेलं असतं आणि फोम ओल धरून ठेवतो. बॅरलच्या तोंडाची कड, ज्याला क्राउन म्हणतात, तिथे साफसफाईच्या सळीने घासल्याची खूण आहे का बघा. तिथे कड एका बाजूला झिजली की गोळ्या पसरायला लागतात, आणि लोक बिचारे स्वतःच्या होल्डला (हात स्थिर धरण्याला) दोष देत महिनेच्या महिने घालवतात.

एक्स्ट्रॅक्टरचा (रिकामं खोकं बाहेर ओढणाऱ्या भागाचा) आकडा धारदार आहे का, बोल्टवर कुठे तडा गेल्याची रेघ आहे का. बोल्ट मागे आपटतो तिथे रबर किंवा प्लॅस्टिकचा बफर असेल तर तो काढून बघा, कडक होऊन भुगा व्हायला लागला असेल तर बदलायचाय, ते स्वस्त काम. पण मालकाने बफर कधीच बदललेला नसेल तर स्प्रिंगही कधी बदललेली नसणार, हे धरून किंमत करा.

मॅगझीन तर लोक बघतच नाहीत. सेमी ऑटोमध्ये जॅम होण्याचं कारण बऱ्याचदा मॅगझीनचे वरचे दोन ओठ, खाली पडून एखादा किंचित वाकला की तिसरी किंवा चौथी गोळी तिरकी चढते. सगळी मॅगझीन मागा, दोन तरी हवीतच, तीन असली तर छान, आणि प्रत्येकावर मार्करने नंबर टाका म्हणजे जॅम झाला की कुठल्याने झाला ते कळेल.

चाप

चापावर इंटरनेटवर एवढं लिहिलेलं आहे की नवीन माणूस घाबरून जातो. घाबरू नका, चाप ही बदलता येणारी गोष्ट आहे. फक्त तो रोज सारखा वागतोय का ते बघायचं.

मॅच पिस्तुलाचा चाप दोन टप्प्यांचा असतो. पहिल्या टप्प्यात बोट मागे येतं आणि एका भिंतीला लागल्यासारखं थांबतं, मग थोडा दाब आणि गोळी. एकूण १००० ग्रॅममधलं साडेसातशेच्या आसपास पहिल्या टप्प्यावर आणि उरलेलं दुसऱ्यावर, असं बरेच जण ठेवतात. ही भिंत स्पष्ट जाणवली पाहिजे. आधी सरकतंय, अडतंय, परत सरकतंय असं होत असेल तर ते सेटिंगचं असू शकतं किंवा सिअर (चाप दाबेपर्यंत हातोडी अडवून धरणारा भाग) झिजल्याचं, आणि सिअर झिजणं महागात जातं.

पिस्तूल उभं धरून, तोंड वर, चापावर १००० ग्रॅमचं वजन लटकवून उचला, मॅचमध्ये असंच तपासतात. एकदा उचललं म्हणून खूश होऊ नका, परत कॉक करा, परत उचला, दहा वेळा करा. मधे एकदा जरी चाप सुटला तर ते पिस्तूल इक्विपमेंट कंट्रोलला कधी ना कधी फसवणार. म्हणून अनुभवी लोक नेमकं १००० वर ठेवत नाहीत, १०२०-१०५० वर ठेवतात. आपल्या हवेत, धूळ आणि तेलाचा चिकट थर जमला की वजन इकडे-तिकडे होतंच.

इलेक्ट्रॉनिक चापाचं मॉडेल घ्यावं का? चाप सुंदर असतो, काचेसारखा तुटतो, यात शंका नाही. तरी दाभोळपासून वेंगुर्ल्यापर्यंत किनाऱ्यावर राहणाऱ्याने पहिलं पिस्तूल मेकॅनिकलच घ्यावं असं माझं ठाम मत आहे. बॅटरी, सर्किट, कॉन्टॅक्ट, या तिन्हींवर मिठाची हवा काम करत राहते, आणि बिघडलं तर इथे कोण दुरुस्त करणार. मेकॅनिकलही बिघडतं, पण निदान कुठे बिघडलंय ते डोळ्यांना दिसतं. टोकियो ऑलिंपिकला २०२१ मध्ये मनू भाकरच्या १० मीटर एअर पिस्तूलमध्ये पात्रता फेरीच्या मध्येच बिघाड झाला, घड्याळ काही थांबलं नाही, ५७५ वर ती बारावी राहिली. त्याच मुलीने २०२४ ला पॅरिसमध्ये दोन ब्राँझ घेतली.

गोळ्या मारून बघा, दोन दिवस

न मारता पिस्तूल घेऊ नका. यासाठी घाट चढावा लागेल, आंबा घाटातून नाहीतर गगनबावड्यावरून कोल्हापूर, तिथे नेमबाजीचं वातावरण आहे. राही सरनोबत तिथलीच, २०१३ ला चांगवॉनच्या वर्ल्ड कपमध्ये आणि २०१८ ला जकार्ता-पालेम्बांगच्या एशियाडमध्ये २५ मीटर पिस्तूलचं सुवर्ण घेतलेली. एशियाडचं तर शूट ऑफमध्ये (बरोबरी सोडवायच्या जादा फेरीत) गेलं होतं. शूट ऑफमध्ये पाचव्या गोळीला जॅम झाला तर काय होईल, हा विचार करूनच पिस्तूल निवडा.

पहिल्या दिवशी टेकणीवरून. वाळूच्या पिशवीवर मनगट ठेवून २५ मीटरवर दहा-दहा गोळ्यांचे ग्रुप. गोळ्या कुठल्या, तर तुम्हाला वर्षभर ज्या मिळणार आहेत त्याच, सगळ्यात भारी ईली टेनेक्सवर पारखून नंतर साध्या गोळ्यांवर सराव करणार असाल तर त्या टेस्टला अर्थ नाही. एसके, ईली, आरडब्ल्यूएस, लापुआ, क्लबमध्ये जे असेल त्यातले दोन-तीन प्रकार घ्या, सगळे स्टँडर्ड व्हेलॉसिटीचे, हाय व्हेलॉसिटी या पिस्तुलांत घालूच नका, स्प्रिंग आणि बफर त्यासाठी बनवलेले नसतात. प्रिसिजन (सावकाश मारायच्या) टार्गेटची १० ची रिंग ५० मिमीची असते. टेकणीवरून पिस्तुलाने निदान त्याच्या अर्ध्यात ग्रुप बसवला पाहिजे, म्हणजे बाकीचं अर्धं तुमच्या हातासाठी उरतं. एका गोळीवर ग्रुप पसरला आणि दुसऱ्यावर आवळला तर पिस्तूल ठीक आहे, त्याला ती गोळी आवडत नाही इतकंच. सगळ्यांवर पसरत असेल तर क्राउन आठवा.

दुसऱ्या दिवशी हाताने, आणि रॅपिड. तीन सेकंद टार्गेट समोर, सात सेकंद नाही, असं पाच वेळा, महिलांच्या २५ मीटर मॅचचा दुसरा टप्पा असाच असतो. स्कोअर बघू नका. गोळी सुटल्यावर साइट उडून परत कुठे येते ते बघा. सरळ वर जाऊन सरळ खाली आली तर सुख, उजवीकडे तिरकी जात असेल तर बहुतेक ग्रिप हाताला नीट बसत नाहीये, तो दोष पिस्तुलाचा नाही. मग स्टँडर्ड पिस्तूलसारखं दहा सेकंदांत पाच, आणि हे सगळं मॅगझीन बदलून बदलून. मधे साफ करू नका, मुद्दाम घाण होऊ द्या. शंभर-दीडशे राउंडनंतर पिस्तूल कुरकुर करायला लागतं का, ते साफ पिस्तुलावर कधी कळणारच नाही.

जॅम झाला तर पिस्तूल टार्गेटकडेच रोखून ठेवा, दुसरा हात वर करा, मॅचमध्येही हेच करायचं असतं. नियमात पिस्तुलाचा खरा बिघाड असेल तर सिरीजची दाद मिळते, पण मॅगझीन नीट बसलं नव्हतं किंवा सेफ्टी लागलेली होती असं निघालं तर ती तुमची चूक, गुण गेले. म्हणून ट्रायलला प्रत्येक जॅम कशाने झाला ते लिहून ठेवा. दोनशे राउंडमध्ये एखादा जॅम घाबरण्यासारखा नाही, त्याच मॅगझीनने परत परत झाला तर मॅगझीन बदला, वेगवेगळ्या मॅगझीननी होत असेल तर नाद सोडा.

साइट आणि ग्रिप, हे शेवटी

साइटचे स्क्रू फिरवताना प्रत्येक क्लिक हाताला लागतो का आणि क्लिकप्रमाणे गोळी खरंच सरकते का, एवढं बघा. मागची खाच आणि पुढचं पातं वेगवेगळ्या रुंदीचं मिळतं, नंतर बदलता येतं.

ग्रिप तर घासून, भरून आपली करायचीच असते. स्मॉल, मीडियम, लार्ज यात शंका असेल तर मोठी घ्या आणि घासा, लहानात पुट्टी भरत बसण्यापेक्षा ते सोपं. फक्त खालचा हाताचा टेकू नियमापेक्षा वर वळलेला नाही ना ते बघा, नव्वद अंशांपेक्षा कमी कोन चालत नाही. आणि ग्रिप एप्रिल-मेमध्ये बसवून घेतलीत तर जुलैमध्ये ती आवळल्यासारखी वाटेल, लाकूड फुगतं, म्हणून शेवटचा हात फिरवायला घाई करू नका, एक पावसाळा जाऊ द्या. घाम फार येत असेल तर खडबडीत ग्रिप घ्या, गुळगुळीत पॉलिशवाली आपल्याकडच्या मे महिन्यात हातातून साबणासारखी सटकते.

पावसाळ्यात ते जगेल का

रत्नागिरीकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, त्यात समुद्राची हवा, त्यात लाइट जाणार. पार्डिनीचा कारखानासुद्धा इटलीत समुद्रकिनारीच आहे, लिदो दि कामाइओरेला, पण तिथे आपल्यासारखे चार महिने नाहीत.

पिस्तूल घेतानाच बघा की ते हत्यारं न लागता किती उघडता येतं. जे सोपं उघडतं ते तुम्ही खरंच साफ कराल, जे उघडायला तीन प्रकारच्या ॲलन की लागतात ते तुम्ही पुढच्या रविवारवर ढकलाल. गोळ्या मारून झाल्या की त्याच दिवशी घामाचे हात लागलेले सगळे लोखंडी भाग पुसून पातळ बंदुकीच्या तेलाचा हात फिरवायचा, चेंबर मात्र कोरडं. घरात खोबरेल भरपूर आहे म्हणून ते लावू नका, कृपया, ते काही दिवसांत चिकट होतं आणि बारुदाची काजळी धरून ठेवतं, असं पिवळट झालेलं बोल्ट साफ करायला रॉकेलमध्ये भिजत घालावं लागतं. कंपनीची फोमची पेटी प्रवासापुरती. घरी लोखंडी कुलूपबंद कपाटात, आपल्याकडे कपडे-कागद भुरू नयेत म्हणून कपाटात छोटा बल्ब लावतात तीच युक्ती इथेही चालते, सोबत सिलिका जेल, आणि ते रंग बदलेल तसं गरम करून परत कोरडं करायचं. गोळ्या दुसऱ्या कपाटात, तेही कुलूपबंद.

निवडणुका लागल्या की शस्त्रं पोलीस ठाण्यात जमा करायची नोटीस येते. असोसिएशनच्या सदस्य खेळाडूंना यातून सूट मिळते, पण क्लबचं पत्र, मॅचचं वेळापत्रक जोडून अर्ज तुम्हीच वेळेत करायचा. तरी जमा करावं लागलंच तर जास्त तेल लावून, तेलाच्या कापडात गुंडाळून द्या, आणि पावती घेताना नंबर आणि मॅगझीन किती ते लिहून घ्या.

किंमत आणि सुटे भाग

नवं मॅच पिस्तूल युरोपात साधारण दोन हजार युरोच्या आसपास असतं, इथे येईपर्यंत आयात, परवानगी, डीलर मिळून आकडा बराच फुगतो. त्यामुळे सेकंडहँड वाईट नाही, उलट चेंबर आणि बॅरल ठणठणीत असेल तर दहा वर्षं जुनं पिस्तूल मी नव्यापेक्षा आधी बघेन, कारण त्याचे सगळे नखरे मालकाला माहीत असतात आणि तो सांगतोही, विचारलं तर.

पण घेण्याआधी स्वतः फोन करून विचारा की फायरिंग पिन, एक्स्ट्रॅक्टर, रिकॉइल स्प्रिंग, बफर, मॅगझीन हे पाच भाग आज, भारतात, कुणाकडे आहेत. "मागवून देऊ" हे उत्तर धरायचं नाही. त्या मॉडेलचं पिस्तूल तुमच्या क्लबमध्ये किंवा कोल्हापूर-पुण्यात अजून दोन-चार जण वापरत असतील तर ते अर्धं काम झालं, मॅचच्या सकाळी स्प्रिंग तुटली तर मागता येते. जगात एक नंबरचं असलेलं पण महाराष्ट्रात कुणाकडेच नसलेलं मॉडेल घेऊ नका, कितीही स्वस्तात मिळालं तरी.

सौदा ठरला की किमतीत दोन स्प्रिंग, एक फायरिंग पिन आणि मूळ टेस्ट टार्गेट (कारखान्यात मारून बघितलेलं) मागून घ्या, बरेच जण देतात. मग परवान्यावर नोंद करून घ्या, आणि पहिले पाचशे राउंड झाले की चापाचं वजन परत तपासा, चेंबरचा ओठ परत टॉर्चने बघा, वहीत तारीख टाकून लिहा.